रवा धरेपर्यंत

ऑक्टोबरात एकतीस पत्रं लिहिली.
सगळ्यांत तेच: दुसऱ्या वर्षाला आहे, धातुशास्त्र,
तुमचा शोधनिबंध वाचला, फार आवडला.
वाचलेलं असायचं पहिलं पान.
दुसऱ्या पानापासून समीकरणं सुरू व्हायची.

बाविसावं पत्र डॉक्टर व्हिटकॉम्बना गेलं
डॉक्टर सोरेनसनच्या नावानं.
उत्तर आलं ते तेवढंच, एका ओळीचं:
सोरेनसन तिसऱ्या मजल्यावर बसतात.

हॉटनमध्ये तोवर बर्फ आला होता.
इथे तो पडत नाही, मुक्कामाला येतो.
मी उन्हाळ्याच्या याद्या काढत बसले,
दहा आठवडे, राहायची सोय, विद्यावेतन,
आणि अर्ज अर्धा भरून झाल्यावर
तळाशी बारीक अक्षरांत:
फक्त नागरिकांसाठी.

बाबांचा फोन. मागे शिरोलीच्या भट्टीचा ब्लोअर.
"मिळालं का काय?"
"पत्रं लिहितेय."
"पत्रं कसली लिवतीस? दारात जाऊन हुबी ऱ्हा की.
मला काय सायबानं पत्र धाडून घेतलंय?"

गेले तिसऱ्या मजल्यावर.
दारावर कागद: जूनपर्यंत रजेवर.
उतरताना जिना चुकला, तळघरात पोचले,
आणि तिथे तो आवाज,
दगडावर लोखंड टेकल्याचा,
जो मी चालायच्या आधीपासून ओळखते.

ग्राइंडरवर एक बाई वाकलेली. साठीची,
कोपरापर्यंत काळे हात. आयली कांगस, टेक्निशियन.
मान वर न करता म्हणाली, "हात थरथरतात?"
"थंडीनं."
"मग नळाखाली धर, पाणी कोमट आहे."
आणि एक बोल्ट पुढे सरकवला, दोन तुकडे झालेला,
बर्फ लोटणाऱ्या ट्रकचा.
"हा का तुटला ते नगरपालिकेला हवंय.
इथे कुणाला वेळ नाही. तुला आहे?"

मला वेळच वेळ होता.

एक तुकडा कापून रेझिनमध्ये बसवायचा, दुसरा जपून ठेवायचा.
मग दोनशे चाळीसचा कागद, चारशेचा, सहाशेचा, बाराशेचा.
कागद बदलला की नमुना काटकोनात फिरवायचा,
आधीचे ओरखडे पुसून जाईपर्यंत
आडवे नवे ओरखडे काढत राहायचं.
पहिल्या गुरुवारी मी कडाच गोल करून टाकल्या.
आयलीनं तो कॉफीच्या जुन्या डब्यात टाकला,
बिघडलेल्यांत.
"व्हिटकॉम्बचाही आहे यात. अठ्ठ्याऐंशी सालचा."

तिसऱ्या गुरुवारी आरसा झाला.
माझं नाक दिसलं त्यात, वाकडं.
आयलीनं ॲसिडचे थेंब मोजले, सात सेकंद, पाणी, अल्कोहोल,
आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"रवा," म्हणाले मी.
"काय?"
सांगता येईना.
आमच्याकडे कढवलेलं तूप निवताना
आई पातेल्याला हात लावू द्यायची नाही,
रवा धरू दे म्हणायची.
इथे पोलादानं धरला होता,
दाणा दाण्याला चिकटून, मध्ये केसाएवढ्या हद्दी.
आयलीनं वहीत शब्द तसाच लिहिला,
स्वतःच्या स्पेलिंगनं, आणि शेजारी माझं नाव.
एकतीस पत्रांत ते मी एकतीस वेळा लिहिलं होतं.
दुसऱ्या कुणी लिहिलेलं तेव्हाच पाहिलं.

रात्री जपून ठेवलेल्या तुकड्याचा फोटो
बाबांना पाठवला. नुसता, काही न लिहिता.
सकाळी उत्तर:
"कडंचा अर्धा भाग तांबूस हाय, बघ.
गंज जुना. म्हंजे चीर जुनी.
तुटला परवा, पण मोडत होता लई दिवस."

गुरुवारी आयलीला वाचून दाखवलं.
तिनं भिंग काढलं. बराच वेळ काही बोलली नाही.
मग काळा हात पाटलोणीला पुसत म्हणाली,
"बरोबर आहे. कुठे शिकवतात हे?"

"शिरोलीला," म्हटलं मी.